बत्ता विमानाला गेला

आमच्या ह्यांना, म्हणजे वाहिद मिस्त्रींना, जत्रेतल्या पाळण्याचीसुद्धा भीती. नव्या लग्नात मी हट्टानं बसवलं, तर पाळणा सुटायच्या आत उतरले आणि दोष भज्यांना दिला. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अडतीस सालची गोष्ट. भात काढून झालं होतं. कार्ल्यात महिपतीआबांच्या मोकळ्या खाचरात एक छोटं विमान उतरलं. चालवणारे मुंबईचे दिनशा शेठ. उतरताना शेपटीखालचं चाक असं लटपटलं की आख्खी शेपटी थरथरली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून मेकॅनिक आला. म्हणाला, पंख काढा, रेल्वेनं मुंबईला न्या, चाकाचं सामान विलायतेहून यायला दोन महिने लागतील.

लोणावळ्यात ह्यांचं मोटार दुरुस्तीचं दुकान. दिनशा शेठनी ह्यांनाही बोलावलं होतं; विमान बघायला मीही गेले. ह्यांनी चाक हलवून बघितलं आणि म्हणाले, "आतले बुश झिजलेत, दांडीही खाल्लीय. दोन दिवसांत करून देतो."

मेकॅनिक हसला. "मिस्त्री, ही बंगलेवाल्यांची मोटार नाही."

माझं तर डोकंच फिरलं. पण हे शांत. महिपतीआबा मात्र बोलून बसले, "ह्याचा बाप घाटात रेल्वेचे ब्रेक बसवायचा. बसवला की पैल्या फेरीला सवता गाडीत बसून घाट उतरायचा. ह्यो बी बसंल की."

"मग ठरलं," दिनशा शेठ म्हणाले. "मिस्त्री बसतील तर मी उडवतो."

आणि हे पाळण्यातून उतरणारे! घरी आले ते जेवलेच नाहीत. मी म्हटलं, "नाही म्हणून सांगा. कोण खाणार आहे तुम्हाला?"

"मेहमुदा, बसलो नाही तर माझ्याच कामावर माझा भरवसा नाही असं होईल. अब्बांचं नाव आहे." मग हळूच म्हणाले, "तुझा बत्ता देतेस?"

माझ्या माहेरचा खलबत्ता, भरीव पितळेचा. बाजारात तसलं जाड पितळ मिळेना. मी चार शब्द सुनावले आणि बत्ता दिला. लेथवर त्याचे बुश झाले, म्हणजे दांडीभोवती बसणारी पितळी कडी. मोटारीच्या तुटक्या अ‍ॅक्सलमधून नवी दांडी कातली, तापवून तिला पाणी दिलं. सगळं बसवून, वंगण घालून चाक फिरवलं, तर गपगार फिरत राहिलं. हलवून बघितलं, तर केसभरही खेळ नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आख्खं गाव बांधावर. हे टोपी खिशात कोंबून शेठच्या पुढच्या जागेत बसले, डोळे मिटलेले. विमान उडालं, मळवलीपर्यंत गेलं, वळलं. मी पदर तोंडात धरून उभी. पुढची चाकं टेकली, मग शेपटी टेकली. विमान सरळ धावत आलं आणि बांधापाशी थांबलं. शेपटीला जरासुद्धा थरथर नाही.

मेकॅनिक धावत गेला, वाकून चाक हलवायला लागला. हलेना. "मिस्त्री, उतरताना काही हललं का?"

हे उतरून थेट माझ्याकडे आले. चारचौघांत कधी माझ्या शेजारी उभे न राहणारे हे, माझा हात घट्ट धरून म्हणाले, "मी हललो. चाक नाही."

मेकॅनिकनं टोपी काढली. माझा ऊर असा भरून आला की रडूच फुटलं.

दिनशा शेठनी पुढे नवा खलबत्ता पाठवला. तो मी नणंदेला देऊन टाकला. माझा रिकामा खल फळीवर अगदी पुढे ठेवलाय. आल्यागेल्यानं विचारलं, ह्याचा बत्ता कुठंय, की सांगते, विमानाला आहे.