चौथा रकाना

कॉलेजात तिला सगळे खर्डेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती लेखन शिकवायची आणि अख्ख्या वर्षात प्रत्येकाकडून एकच पान लिहून घ्यायची. मात्र ते पान सात वेळा. पहिला खर्डा, दुसरा खर्डा, असं करत सातवा. प्रत्येकावर तिची लाल शाई, आणि सातही खर्डे दोऱ्याने एकत्र बांधून मुलाच्या फाइलीत. कच्चं फेकायचं नाही, एवढा एकच नियम. माणूस लिहायला कसा शिकला हे सातव्यात दिसत नाही, आधीच्या सहांत दिसतं, असं ती दर वर्षी पहिल्या तासाला सांगायची आणि मुलं दर वर्षी खिडकीबाहेर बघायची. बावीस वर्षांत तिच्या खोलीतली तीन लोखंडी कपाटं या फायलींनी भरली होती.

मग संस्थेने आठ ‘अध्ययन निष्पत्ती’ ठरवल्या. म्हणजे इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला काय काय यायला हवं, त्याची यादी. पहिली तर्काची, दुसरी आकड्यांची, चौथी लेखी मांडणीची, अशा आठ. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने एक तक्ता भरायचा. आठ निष्पत्तींना आठ रकाने, आपला विषय कुठल्या निष्पत्तीला किती हातभार लावतो त्याप्रमाणे शून्य ते तीन गुण, आणि खाली ते का याच्या दोन ओळी. मुलांच्या पोर्टफोलिओतल्या प्रत्येक कागदावरही आता निष्पत्तीचा क्रमांक हवा होता. चार महिन्यांनी तपासणीचं पथक येणार होतं.

आकडे टाकायला कोणाच्या बापाचं काय जातं? त्या दोन ओळींनी मात्र भल्याभल्यांची दातखीळ बसली. वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून शिकवणारी माणसं. आपण हे कशासाठी शिकवतो, असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पहिल्यांदा रसायनवाले सर आले. खुर्ची ओढून बसले आणि तक्ता तिच्यापुढे सरकवला.

“बाई, दोन ओळी टाका ना. तुमच्या हातचं म्हणजे बघायला नको.”

“चौथ्या रकान्यात काय लिहू? पोरं काही लिहितात का तुमच्याकडे?”

“प्रयोगाची वही लिहितात की. एकमेकांची बघून.”

तिला हसू आलं. तिने तीन गुण टाकले आणि खाली लिहिलं, ‘विद्यार्थी आपल्या निरीक्षणाचं रूपांतर सुसूत्र आणि वाचकाला उमजेल अशा लेखनात करतात.’ सरांनी ते दोनदा वाचलं. “असं करतात होय?” म्हणाले आणि खूश होऊन गेले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. हिशेबवाले आले, भूगोलवाल्या मॅडम आल्या, शेवटी पोहणं शिकवणारे सरसुद्धा ओले केस पुसत आले. त्यांच्यासाठी तिने लिहिलं, ‘शारीरिक अनुभवाला शब्दरूप देण्याची क्षमता.’ तासाला पंधरा मुलं पाण्यात असायची आणि शिट्टीपलीकडे कोणी शब्द काढत नसे. पण वाक्य झकास जमलं होतं, तेव्हा तिने ते ठेवलं. एकूण अडतीस तक्ते तिच्या हाताखालून गेले आणि चौथा रकाना सगळीकडे तिनांनी भरला.

घरी तिची थोरली बहीण होती, निवृत्त नर्स. दोघी मिळून राहायच्या. जेवणाच्या टेबलावर पसरलेले तक्ते बाजूला सारत ताईने ताटं मांडली.

“दुसऱ्यांचे कागद तू कशाला रंगवतेस?”

“त्यांना जमत नाही गं.”

“तुला कौतुक लागतं,” ताई म्हणाली. “आमच्या वॉर्डात अशीच एक होती. सगळ्यांच्या पाळ्या ही करायची. पुढे माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा वहीत तिच्या नावावर एकही पाळी सापडेना.”

“तू पण ना,” खर्डेबाई म्हणाली आणि वाढून घेतलं. ताईचं म्हणणं तिला झोंबलं होतं, कारण कौतुक तिला लागायचंच.

स्वतःचा तक्ता तिने सगळ्यांत शेवटी भरला, आणि तिथे मात्र प्रामाणिकपणाचा झटका आला. चौथ्या रकान्यात तीन, बाकी सातही ठिकाणी शून्य. खाली दोनच्या जागी एकच ओळ: ‘हा विषय एकच काम करतो.’ ती ओळ तिला फार आवडली होती.

बैठकीत तक्त्यांचं काम बघणाऱ्या समन्वयकाने सगळे तक्ते एकत्र करून पडद्यावर दाखवले. तरुण माणूस, स्वभावाने वाईट नव्हता. त्याच्या हातात पडद्यावर खुणा करायचा लाल दिवा होता आणि त्याचा ठिपका चौथ्या रकान्यावरून खाली घसरत गेला.

“लेखी मांडणी ही निष्पत्ती आपल्याकडे अडतीस विषय पूर्ण करतात. तेही इतर दोन-तीन निष्पत्तींसोबत. फक्त याच एका निष्पत्तीसाठी चालणारा विषय एकच आहे.” ठिपका तिच्या ओळीवर थांबला. “लेखन, पहिलं वर्ष.”

प्राचार्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे हा वेगळा चालवायची गरज नाही.”

“तक्त्यानुसार नाही, सर.”

 खर्डेबाई उभी राहिली. “ते अडतीस तक्ते मी लिहिलेत. त्यातलं चौथ्या रकान्यातलं काही खरं नाही. कोणीही कोणाला लिहायला शिकवत नाही इथे.”

 तिने रसायनवाल्या सरांकडे पाहिलं. सर पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत होते.

“सर, तुमचा तक्ता कोणी भरला?” प्राचार्यांनी विचारलं.

“मीच,” सर म्हणाले. “बाईंनी भाषा थोडी बघून दिली असेल.”

मग हिशेबवाले तेच म्हणाले आणि भूगोलवाल्या मॅडमही तेच. पोहण्याच्या सरांनी नुसती मान हलवली. खोटं बोलताना त्यांना लाजही वाटली असेल, पण पथक तोंडावर आलं होतं आणि तक्त्याखाली सही ज्याची त्याची होती. केसाने गळा कापणारी माणसं नव्हती ती. घाबरलेली होती, आणि तेवढ्याने काम भागतं.

पुढच्या वर्षापासून लेखन बंद झालं. तिला वाचनालयात सामावून घ्यायचं ठरलं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. घरी तिने सांगितलं तेव्हा ताईने उठून नुसता चहा टाकला. खर्डेबाईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आठवड्याने समन्वयक तिच्या खोलीत आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

“मॅडम, एक अडचण आहे. चौथ्या रकान्याला पुरावा लागतोय. अडतीस विषयांत मुलांनी लिहिलेलं असं काही मिळतच नाही.”

“मग?”

“तुमच्या फायली आहेत. तीच मुलं त्या विषयांनाही आहेत. त्यांचा एकेक कागद विषयाविषयांत वाटला तर...” त्याने वाक्य सोडून दिलं. “नाहीतर मुलांच्या पोर्टफोलिओत चौथा क्रमांक रिकामा राहील. त्यांचं वर्ष अडकेल.”

तिला कपाटांच्या किल्ल्या खिडकीतून खाली भिरकावाव्याशा वाटल्या. पण मुलांचं वर्ष होतं. आणि खरं सांगायचं तर वाचनालयातली ती खुर्चीही होती, ती जाईल ही भीती होती. यातलं आधी काय मनात आलं ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

पथक आलं, जेवलं, खूश होऊन गेलं. अहवालात ‘सर्व विषयांत मुरलेलं लेखन’ असा खास उल्लेख होता आणि रसायनवाल्या सरांना शाबासकी मिळाली.

ती वाचनालयात पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावत होती, तेव्हा गेल्या वर्षीची एक मुलगी आली. हिची आई एका लाँड्रीत दिवसभर शर्टांना इस्त्री करायची आणि मुलीने आपलं पान आईवर लिहिलं होतं. हातात पोर्टफोलिओ होता.

“मॅडम, माझं पान रसायनशास्त्रात गेलंय. ‘कापडावरील उष्णतेचा परिणाम’ म्हणून.”

“माहीत आहे.”

“असू दे ते. पण एकच कागद आहे. बाकीचे सहा कुठायत?”

समन्वयकाचा नियम होता, एका निष्पत्तीला एक कागद. तीनही कपाटांतले दोरे कापून सातवा तेवढा ठेवला होता, आणि उरलेलं सगळं कागद कातरायच्या मशीनमध्ये गेलं होतं. खर्डेबाईने ते कसंबसं सांगितलं. 

“मला दुसरा हवा होता,” मुलगी म्हणाली. “सातवा चांगलाय, माहितीये मला. पण दुसऱ्यात आईचं एक वाक्य होतं. तिने बोलता बोलता म्हटलेलं, मी तसंच्या तसं उतरवलं होतं. तुम्ही काढायला सांगितलंत.”

“आईला विचार ना.”

“विचारलं. ती म्हणते, मी कधी असं काही बोलले?” मुलीने पोर्टफोलिओ मिटला. “मला नीट आठवत नाही. म्हटलं, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही सगळं वाचायचात.”

खर्डेबाईने डोळे मिटले. ते पान तिला दिसलं. निळी, तिरकी अक्षरं, वरचा कोपरा दुमडलेला. मधल्या परिच्छेदात एक ओळ, त्या ओळीवर सरळ ओढलेली लाल रेघ, आणि समासात तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं ‘अनावश्यक’. रेघ अगदी स्पष्ट दिसत होती. रेघेखालचं काही वाचता येईना.

“काय होतं, मॅडम?” मुलीने विचारलं.