सहावं कलम

सृष्टीचा, माझ्या नातीचा, साखरपुडा झाला ते दोन हजार चोवीस साल. त्याच वर्षी तिनं माधवनगरला चौघांना घेऊन ऑफिस थाटलं. ऊसतोडीचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर करायचं होतं. त्यासाठी शेत मोजणारं तयार सॉफ्टवेअर हवं होतं. ते कुठल्या परवान्यावर घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं.

"आजी, तीन वाटा आहेत," ती म्हणाली. "पुण्याच्या कंपनीचं, माणशी दरवर्षी पैसे. लालासाहेबांचं, सगळ्या टीमला मिळून एकदाच, लय स्वस्त. नाहीतर बाबांनी नेटवर ठेवलेलं, फुकट. पण ते नऊ वर्षं जुनं. चालतं करायला तीन महिने जातील."

लालासाहेब माझ्या लेकाचा, म्हणजे सृष्टीच्या बापाचा, विश्वजितचा भागीदार. विश्वजितच्या तेराव्याला जेवून उठला आणि "कंपनीचा हाय" म्हणत त्याचा लॅपटॉप काखेत मारून गेला.

"बोलव त्याला," मी म्हणाले. "मीबी बसते."

तो आला. पडद्यावर नमुन्याचं शेत उघडलं. शेताचं नाव बाभळीचं टेक. मालक रंगूबाई. जन्म एक जून.

रंगूबाई मीच. बाभळीचं टेक आमचं, औंधचं. माझी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, म्हणून विश्वजितनं शाळेत मास्तर घालायचे तशी एक जून घातली होती.

"हे कुणी केलं रं?"

"आमच्या पोरांनी, काकू."

"त्याच्या अटी वाचल्यास?"

तो हसला. "अटी कोण वाचतंय? आन् तुमाला कवापासनं वाचता याया लागलं?"

"अठ्ठावन्नाव्या वर्षापासनं. विश्वजितनं शिकिवलं. अंकलिपी न्हवती घरात. त्यानं आपल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या अटी मराठीत छापून दिल्या, त्याच बोट ठेवून वाचायची. सहावं कलम ऐक. हे कुणीही वापरावं, विकावं. करणाऱ्याचं नाव काढलं, तर त्या दिवसापासून हक्क संपला. तुझ्यात विश्वजितचं नाव कुठं हाय?"

सृष्टीनं बापाचं काम शेजारी उघडलं. ओळीला ओळ जुळत गेली.

लालासाहेबानं पडदा मिटला. "काकू, आजच नाव घालतो. अकरा कारखान्यांत चालतंय माझं. पोटावर पाय देऊ नगा."

सृष्टी हळूच म्हणाली, "आजी, घालतायत तर घालू दे की."

"न्हाई. हक्क संपला म्हंजे संपला. माफीचं सातवं कलम घालायचं असतं तर माझ्या लेकानं लिहिलं असतं."

अकराही कारखान्यांना पत्रं गेली. वारस म्हणून प्रत्येकावर मी सही केली. एका सहीला मला वेळ लागतो, तरी अंगठा लावला नाही. दिवाळीपर्यंत नऊ कारखान्यांनी त्याचं सॉफ्टवेअर बंद केलं. त्यानं ऑफिसची पाटी उतरवली, त्या दिवशी मी मुद्दाम रिक्षा करून सांगलीला बघायला गेले. बरं वाटलं.

सृष्टीच्या टीमनं बापाचंच घेतलं. तीन महिन्यांचे पाच झाले. उघडलं की पहिल्यांदा त्याचं नाव दिसतं.

माझा मुलगा विश्वजित एकोणीस ऑगस्ट दोन हजार सोळा रोजी सांगलीच्या दवाखान्यात काविळीनं वारला.