नजरेने बेतलेला कोट

पाठ

कोट भिंगरीच्या अंगात गेला आणि मागे पाठीवर कापडाची घडी पडली. चांगली मूठभर. बोटीच्या धक्क्यावर, वाऱ्यात, ती घडी फडफडली.

मास्तरने ती पाहिली. मास्तर पाहतेय हे मी पाहिलं.

भिंगरीला दिसली नाही. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

पाठीच्या आधी

आम्ही तिघी एका शिवणखान्यात आहोत. मास्तर कापते. बाई आहे, पण मास्तरच. ‘मास्तरीण’ म्हणणाऱ्या नव्या पोरींना ती नुसती कात्री दाखवते, पुरतं. भिंगरी मशीनवर. एका जागी ठरत नाही, शिवताना दुसरा पायही नाचत असतो. मी काज-बटणं करते, म्हणून काजू.

उत्तरेकडच्या या शेजारच्या देशात यायचं आम्ही कधीपासून म्हणत होतो. म्हणजे चहाच्या सुट्टीत म्हणत होतो. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे, त्यातलं एक पान: डोंगर सरळ पाण्यात उतरलेत, वर बर्फ, खाली एक लाल घर. वर्ष उलटलं तरी ते पान आम्ही उलटलं नव्हतं. चहा संपला की बेतही संपायचा. मग एक दिवस भिंगरी तिकिटंच घेऊन आली. शनिवार-रविवार. “उठा गं,” म्हणाली.

मास्तरला वाटलं, हिच्या डोक्यात किडा वळवळला. मला कारण माहीत होतं. पोटात गाठ, आणि येत्या गुरुवारी ऑपरेशन. कपडे बदलायच्या खोलीत, एक हात बाहीत आणि एक बाहेर असताना तिने मला सांगितलं होतं.

“मास्तरला बोलायचं नाही. परत आल्यावर मी सांगेन.”

“अगं पण…”

“ती रडणार. मग मला काचेच्या कपाटात ठेवणार. मला दोन दिवस हवेत, काजू. दोन दिवस कुणी मला ‘दमलीस का, बसतेस का’ विचारायचं नाही. शपथ घे.”

“कुणाची?”

“माझी.”

“तुझी कशी घेऊ आत्ता?”

“मग मास्तरची घे. तिला काय धाड भरलीय.”

अस्तर

आमच्याकडे एक रीत आहे. गिऱ्हाइकाला टेप, आपल्या माणसाला नजर. मास्तर आपल्या माणसाचं माप घेत नाही. टेप लावली की माणूस परकं झालं, असं ती मानते. सुनेचा पहिला झगा तिने सुनेला दुरून बघून बेतला होता. तो असा बसला, की सून आजही तिच्याशी नीट बोलते.

थंडीचा देश, म्हणून तिने तिघींचे कोट बेतले. भिंगरीचा तिच्यापासून लपवून. म्हणून शिवायला तो माझ्याकडे आला. तुकडे टेबलावर मांडले आणि मला कळलं, ही भिंगरी गेल्या वर्षीची आहे, अंगाने भरलेली. रोज समोर असलेल्या माणसाकडे कोण बघतं? त्यात ती एप्रनखाली दोन-दोन स्वेटर घालून यायची.

बाजूच्या शिवणी मी आत घेतल्या. मग वाटलं, मास्तर हात फिरवून ओळखेल, विचारेल. उसवल्या. मग वाटलं, अंगात गेल्यावर तर ओळखेलच. पुन्हा घेतल्या. पुन्हा उसवल्या. कापडाला भोकं पडायला लागली तेव्हा थांबले.

जसा कापला होता तसा शिवला.

पुन्हा पाठ

तर धक्का. वारा. कोट.

“कसा दिसतो?” भिंगरीने गिरकी घेतली. ती थांबली, कोट जरा उशिरा थांबला.

मास्तरने घडी दोन बोटांत धरली. सोडली. मग तिची नजर भिंगरीच्या मनगटांवर गेली, गळ्यावर, कानामागे. नव्या कापडात डाग शोधताना ती अशीच बघते. मग माझ्याकडे. मी घाईघाईने बोटीकडे पाहिलं. बोट अजून आलीच नव्हती.

आता रडणार, मला वाटलं.

“चुकला,” मास्तर म्हणाली.

“काय?”

“कोट. नजर चुकली माझी. वय झालं.”

हे वाक्य मास्तरच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नाही. मास्तरचं चुकतं तेव्हा कापड आटलेलं असतं, नाहीतर गिऱ्हाईक फुगलेलं.

“तुझी? नजर?” भिंगरी म्हणाली.

“माणूस आहे मी. आत स्वेटर घाल, बसेल. ती बघ बोट आली.”

या वेळी खरंच आली.

शनिवार (कच्ची शिलाई)

डोंगर पाण्यात उतरले होते. कॅलेंडरवाल्याने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त वारा…

लाकडी घर. खोलीत चार पलंग, एकावर आमच्या पिशव्या. खिडकीतून तळं, आणि तळ्यात तेच डोंगर उलटे. संध्याकाळ झाली तरी उजेड जायचं नाव घेईना, रेंगाळलेल्या पाहुण्यासारखा दारातच…

मास्तरने खिडकीजवळचा पलंग भिंगरीला दिला. न भांडता.

मास्तरने भिंगरीच्या ब्रेडला लोणी लावलं.

“मास्तर, ही तुझी टोपी म्हणजे किटलीवरचं झाकण आहे,” भिंगरी म्हणाली.

“हो गं,” मास्तर म्हणाली.

हो गं! एरवी या एका टोपीवर आमची अख्खी संध्याकाळ निघाली असती. भिंगरीने आणखी दोन टोमणे टाकून पाहिले. “खरंय बाई.” “तू म्हणशील तसं.” मग भिंगरीने नाद सोडला. उशी सारखी करत मास्तर हळूच म्हणाली, “दमली असशील. पड जरा.”

भिंगरीने भिंतीकडे तोंड केलं.

रविवार: माप

धबधब्याची वाट सोपी होती, तरी मास्तरने तिसऱ्यांदा विचारलं, “बसतेस का?” भिंगरी बसली नाही. ती वाटेच्या मधोमध उभी राहिली.

“टेप आणलीयेस?”

“टेप काय मी घरी ठेवते?” ती कायम मास्तरच्या खिशात असते.

“माझं माप घे.”

“मी आपल्या माणसांचं…”

“कालपासून तू मला गिऱ्हाइकासारखी वागवतेस. गोड गोड. हो गं, बस गं. मग घे की माप. रीतसर घे.”

मास्तरचा चेहरा पडला. खिशातून टेप निघाली.

भिंगरीने कोट काढून माझ्या हातात दिला आणि हात पसरले. छाती. कंबर. खांदा. मास्तर माप घेते तेव्हा आकडा ओरडून सांगते, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. इथे एकही आकडा बोलली नाही. कमरेशी टेप आवळून ती नुसती बघत राहिली, जणू टेपवर काहीतरी बारीक अक्षरात छापलं होतं.

“पोटात गाठ आहे,” भिंगरी तिच्या डोक्यावरून धबधब्याकडे बघत म्हणाली. “गुरुवारी काढणार. पुढचं उघडल्यावर कळेल.”

“कोण कापणार?”

“आहेत एक डॉक्टरीणबाई.”

“हात कसा आहे?”

“चांगला आहे म्हणतात.”

“म्हणतात म्हणजे? तू बघितलास का कापताना?”

“मास्तर, मी झोपलेली असणार गं तेव्हा!”

मला हसू फुटलं. आधी मला, मग भिंगरीला. मास्तर हसली नाही. तिने टेप गुंडाळली, ती पिळली गेली, सोडली, परत गुंडाळली.

“भीती वाटते?”

“वाटते की. पण ती गुरुवारची आहे. आज माझा रविवार आहे आणि तू तो खातेयस.”

मास्तरने टेप खिशात टाकली. मग म्हणाली, “चल.” आणि भिंगरीच्या पुढे चालायला लागली, मागे वळून न बघता. तिला किती अवघड गेलं ते मला तिच्या मानेवरून कळत होतं. मान दर चार पावलांनी वळायला बघायची आणि ती परत सरळ करायची.

वर पोचलो तेव्हा तिघींनाही धाप लागली होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

परतीची बोट

तिघींचं बाक. भिंगरी खिडकीपाशी सरकली. तेवढ्यात मास्तरने तिच्या पुढ्यातून अंग घातलं आणि धप्पकन तिथे बसली.

“ए! ती माझी जागा.”

“नाव लिहिलंय?”

“येताना गाडीत पण तूच बसली होतीस खिडकीला!”

“मग आता सवय झाली.”

“मास्तर, मी आजारी आहे.” हे शब्द भिंगरी पहिल्यांदा मोठ्याने बोलली. मागच्या बाकावरचे लोक बघायला लागले.

“आजारी असशील तुझ्या घरी,” मास्तर म्हणाली. “खिडकी माझी.”

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा दुसरा पाय, तो मशीनखाली नाचणारा, जमिनीवर टकटक वाजायला लागला.

“म्हातारे, किटलीच्या झाकणा, सरक तिकडे!”

“नाही सरकत.”

“मला डोंगर दिसत नाहीत.”

“मान लांब कर. फुकट मिळालीय.”

भिंगरी मास्तरच्या मांडीवर आडवी पडूनच बाहेर बघायला लागली. एक कोपर मास्तरच्या मांडीत, दुसरं काचेवर.

“कोपर काढ. रुततंय.”

“नाही काढत.”

मास्तरने मग काढायला सांगितलं नाही. किनारा येईपर्यंत ती तशीच अवघडून बसली होती आणि तोंडाने भिंगरीला शिव्या देत होती. खिडकीतून मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.