नावाडी काय म्हणाला

“चेहरा कसा आहे त्याचा?” अय्यूबने विचारलं.

झुबेदाने लॅपटॉपचा पडदा जरा मागे कलवला. लाल फेटा तोच होता, अंगरखाही तोच. पण ज्या चौकोनी ठिपक्यांतून गेममधला तो पोरगा पूर्वी तयार व्हायचा, ते ठिपके कुणीतरी घासून एकजीव केले होते.

“पुसल्यासारखा झालाय,” ती म्हणाली. “मेणाचा वाटतो. डोळे आहेत, पण नजर नाही.”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. अय्यूब मात्र हसला. मस्कतहून परतल्यापासून तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

अय्यूब तिचा थोरला भाऊ. उभं आयुष्य तिकडे एसी दुरुस्तीत गेलं. शुगरने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्याला उमगायचं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून तो पनवेलला बहिणीकडे आला आणि हॉलमधल्या खुर्चीत बसला तो बसलाच. कुणाचा हात धरून मशिदीत जायलाही तो तयार नव्हता. झुबेदा एसटी स्टँडजवळच्या लॅबमध्ये रक्त काढण्याचं काम करायची. सकाळ लोकांच्या शिरा शोधण्यात जायची आणि दुपारी घरी आलं की भाऊ तिथेच, त्याच खुर्चीत. काय बोलावं हेही तिला सुचायचं नाही. एकदा उगाच काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, “भाई, तो नावाडी आठवतो?”

अय्यूब ताठ बसला. त्याला सगळं आठवत होतं.

लहानपणी अब्बांनी कुवेतहून टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्यासोबत कॅसेट एकच, आणि तीही जपानी. लाल फेट्याचा एक पोरगा गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, राक्षसांशी लढतो. चालवायचा अय्यूब. झुबेदा शेजारी बसून कोण काय बोलतंय ते सांगायची. अक्षर एकही कळत नव्हतं, पण तिची गोष्ट कुठे अडली नाही. विहिरीवरच्या बाईचं सुनेशी भांडण होतं, दुकानदाराच्या पोटात दुखत होतं, असं सगळं तिनेच ठरवून टाकलं होतं.

गाडी अडली ती नदीवर. काठावर एक म्हातारा नावाडी उभा असायचा आणि तो काही केल्या पलीकडे न्यायचा नाही. त्यांनी त्याला मासे दिले, कंदील दिला, राक्षसाला मारून मिळवलेली अंगठी दिली. तो प्रत्येक वेळी तेच बोलायचा आणि पाठ फिरवायचा. मग अय्यूबचा व्हिसा आला, तो गेला, आणि गेम उरणच्या कुठल्याशा भावंडांकडे गेला. नावाड्याला काय हवं होतं ते राहूनच गेलं.

झुबेदाची मुलगी अल्फिया खारघरला कॉलेजात होती. आईच्या वर्णनावरून तिने इंटरनेटवर जुन्या गेमच्या शौकीनांना विचारलं, तेव्हा कुणीतरी तो गेम ओळखला. तो नुकताच इंग्रजी होऊन कॉम्प्युटरवर आला होता. लॅपटॉपवर टाकताना तिने आधीच सांगून ठेवलं. “मामू, लोक खूप वैतागलेत यावर. ओरिजिनल भारी आहे, पण कॉम्प्युटरवर आणताना घाई केलीये.”

तिचं खोटं नव्हतं. पाण्याचे चौकोन एकमेकांना नीट जुळले नव्हते. मधून पांढऱ्या रेघा दिसायच्या, त्यामुळे समुद्र बाथरूमच्या फरशीसारखा वाटायचा. पडद्यावर ‘गोल बटण दाबा’ असं यायचं, आणि कीबोर्डवर गोल बटण होतं कुठे? झुबेदाने एकेक बटण दाबून ते शोधून काढलं. पहिलं गाणं लागलं ते पन्नास वाजंत्री एकदम वाजवत असल्यासारखं. अय्यूबने हात वर केला. हे लग्नातलं वाटतंय, म्हणाला, आपलं किरकिरं होतं. तिने शोधाशोध केली तर जुना आवाज लावायची सोयही आत सापडली. तो किरकिरा सूर सुरू झाला तसं अय्यूबने डोकं मागे टेकलं.

चांगल्या गोष्टीही होत्या. पूर्वी खेळ थांबवायचा तर धर्मशाळा गाठावी लागायची, आणि त्याआधी लाइट गेली की सगळी दुपार पाण्यात. आता वाटेल तिथे थांबता येत होतं. पोरगा दुप्पट वेगाने चालायचा. कंटाळा आला तर लढाया बंद करता यायच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोण काय बोलतंय ते आता वाचता येत होतं. झुबेदा वाचून मराठीत सांगायची. विहिरीवरच्या बाईचं कुणाशीच भांडण नव्हतं. धर्मशाळा पूर्वेला आहे, एवढंच ती सांगत होती.

“तुझीच बरी होती,” अय्यूब म्हणाला.

रोज दुपारी जेवणं उरकली की दोघं बसायची. आता झुबेदा घरी येईपर्यंत अय्यूब वाट बघत असायचा. काल कुठपर्यंत आलो होतो, आज पूल लागेल का, असं दारातच विचारायचा. आणि एके दिवशी नदी आली.

झुबेदाने नावाड्यासमोर पोरगा उभा केला आणि बटण दाबलं. अक्षरं उमटली. नवी, बारीक, लांबट अक्षरं. वाक्य सुरू झालं आणि चौकटीच्या कडेला येऊन कापलं गेलं.

“बोल ना.”

“‘नदी ओलांडणारा लवकर परत येत नाही. त्याआधी...’ पुढचं दिसत नाही भाई. अक्षर चौकटीत बसत नाहीये.”

अय्यूबला हसू आलं नाही. इतकी वर्षं जपानी येत नव्हतं म्हणून अडलो, आणि आता अक्षर बसत नाही म्हणून अडायचं का, असं तो चिडून बोलला. अल्फियाला फोन लावला तर ती लेक्चरला होती. झुबेदा पुन्हा सेटिंगमध्ये शिरली. आवाज जुना मिळतो तर अक्षरही मिळेल, असा तिचा हिशोब होता, आणि तो बरोबर निघाला. जाड, ओबडधोबड अक्षरं आली आणि चौकटीत मावली.

“‘त्याआधी घरी सांगून ये.’”

“घरी?”

“तो जिथून निघतो ना, त्या पहिल्या घरी. आपण तिथे परत कधी गेलोच नाही.”

अय्यूबला ते पटायला वेळ लागला. सगळा मुलूख पालथा घातला होता त्यांनी. मागे वळायचं तेवढं सुचलं नव्हतं. तो म्हणाला, चल मग.

झुबेदाने लढाया बंद केल्या आणि पोरगा उलट्या वाटेला लावला. डोंगर, पूल, विहीर. ऊन हॉलच्या भिंतीवरून सरकत गेलं. पहिल्या गावातल्या पहिल्या घरात चुलीपाशी त्या पोराची आई उभी होती. तिचाही चेहरा मेणाचा. झुबेदाने बटण दाबलं आणि वाचलं.

“काय म्हणते?”

“म्हणते, जेवून जा.”

“आणि?”

“एवढंच.”

“तू बनवत नाहीस ना, झुबी?”

“नाही भाई. लिहिलंय तेच सांगतेय.”

अम्मी गेली तेव्हा कंपनीने अय्यूबला रजा दिली नव्हती. त्यावर ही दोघं कधी बोलली नव्हती आणि आत्ताही बोलली नाहीत. अय्यूबने टेबलावर चाचपडत पाण्याचा ग्लास शोधला आणि सावकाश सगळं पाणी प्यायला.

पोरगा पुन्हा नदीवर आला. नावाड्याने या वेळी काही न बोलता नाव सोडली. पलीकडच्या काठावर पाय लागला तसा सूर बदलला. हा सूर दोघांनी कधीच ऐकला नव्हता.

“काय आहे इथे?”

“गवत आहे. झाडं. लांब डोंगर आहेत का ढग, कळत नाहीये.”

अय्यूबने खुर्ची पुढे ओढली. “मला दे.”

झुबेदाने त्याची बोटं बाणांच्या बटणांवर ठेवली. वरचं, खालचं, डावं, उजवं त्याने एकदा चाचपून घेतलं. पोरगा चालला आणि झाडावर आदळला. ठक् असा आवाज आला. अय्यूब थांबला, दुसरीकडे वळला. पुन्हा ठक्. ‘डावीकडे’ हा शब्द झुबेदाच्या ओठांवर आला होता. तो तिने आतच ठेवला.

तेवढ्यात अल्फिया आली. मामू पोराला झाडांवर आपटतोय हे पाहून ती काही सांगणार होती. झुबेदाने हातानेच तिला थांबवलं. आणखी दोनदा ठक् झालं, आणि मग झालं नाही. वाट सापडली होती. ती कुठे जाते ते पडद्याकडे बघणाऱ्या दोघींनाही माहीत नव्हतं. अय्यूब मान किंचित वाकडी करून, कान देऊन, एकेक पाऊल टाकत पुढे निघाला.