मला घेणारा क्लब

टप्.

साऱ्या हिवाळ्यात माझ्या पोटात झालेला हा पहिला आवाज. माझ्या आताच्या मालकिणीने, पद्मिनीने, बाहेरचा नळ सोडला, पाइपमधून पाणी खोकत खोकत वर आलं आणि माझ्या चिमुकल्या सिंकमध्ये एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धार. तोवर इतकं शांत होतं, की छपरावरचा उरलेला बर्फ वितळून खिडकीवरून ओघळत होता, तोही ऐकू येत होता.

मित्रांनो, मिनेसोटातल्या कॅरव्हॅनला निम्मं वर्ष झोपून काढावं लागतं. पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून थंडी आली की आमच्यातलं सगळं पाणी काढून घेतात, नळ्यांत गुलाबी रंगाचं औषध भरतात आणि वरून ताडपत्री घालतात. इथे सगळे मला ट्रेलर म्हणतात. मला कॅरव्हॅन हा शब्द बरा वाटतो. ट्रेलर म्हटलं की कुणाच्या तरी मागून ओढली जाणारी वस्तू, एवढंच कळतं. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

मी इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात जन्मले. आधी लोखंडी सांगाडा झाला, मग प्लायवुडची जमीन, मग भिंती, सगळ्यात शेवटी छप्पर. माझ्या पडद्यांवर निळी बदकं होती. अशीच बदकं माझ्या शेजारणीलाही मिळाली होती, तेव्हा त्याचा अभिमान धरण्यात अर्थ नव्हता.

मला पहिल्यांदा घेतलं ते डॉक्टर संजयकाका आणि नीनाकाकूंनी. काका चाकं वाकून बघत होते. काकू म्हणाल्या, "अहो, इंडियानाची आहे. नावातच इंडिया. आता आणखी काय बघता?" आणि मी त्यांची झाले.

पुढची बरीच वर्षं रस्त्यावर गेली. मी बॅडलँड्सच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टेकड्या पाहिल्या. लेक सुपीरियरच्या काठावर वाऱ्याने रात्रभर डुलले. काकू कुठेही निघाल्या तरी साबुदाणा भिजवूनच निघायच्या. मराठी मंडळाच्या पिकनिकला माझ्या खिडकीतून सगळ्यांना चहा मिळायचा आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, "डॉक्टर, गाडी काय ठेवलीय तुम्ही!" काका उगाचच खिशातून रुमाल काढून माझं हँडल पुसायचे.

मग काकू गेल्या. काका त्यानंतर एकदाच मला गाडीला जोडून निघाले आणि पहिल्या वळणावरूनच परत आले. पुढे मी गॅरेजशेजारी उभी राहिले. माझ्या गादीत एका उंदरिणीने संसार थाटला. मी कुणावर रागावले नाही. ज्या वस्तूकडे पाहिलं की माणूस आठवतं, तिच्याकडे लोक पाहणं सोडतात.

शेवटी काकांनी मला ईडन प्रेरी गावात राहणाऱ्या, मंडळातल्याच गिरीश आणि पद्मिनीच्या घरी पाठवलं. "हिच्यात पुन्हा एखादं लेकरू झोपू दे," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे लेकरू होतं: सहा वर्षांची इला. तिने आत येऊन सगळे खण उघडले, सगळे बंद केले आणि विचारलं, "Can I live here?"

त्याच सुमारास गिरीशची आई, वसुधाआजी, उन्हाळ्यासाठी अकोल्याहून आली. तिला मला दाखवायला आणलं.

"काय म्हणतात म्हणालास हिला?"

"ट्रेलर, आई."

"ट्रेलर? मग पिक्चर कधी दाखवतोस?"

स्वतःच्या विनोदावर ती स्वतःच खूप वेळ हसली. मला ती तेव्हाच आवडली.

आता खरी गोष्ट, गेल्या उन्हाळ्याची. नुसती कॅरव्हॅन असून भागत नाही, मित्रांनो. ती नेऊन उभी करायला जागा लागते, चार जाणते लोक लागतात. त्यासाठी इथे क्लब असतात. कुठल्या क्लबात जायचं, यावर आमच्या घरी बोलणी सुरू झाली. पद्मिनी दोन मीटिंगांच्या मधल्या फटीत माझ्या टेबलाशी येऊन बसायची, एका हाताने पोळीची गुंडाळी खायची आणि दुसऱ्या हाताने फोनवर क्लबांची माहिती वाचायची. इला शाळेत असायची. पद्मिनीची ती चोरलेली वेळ होती आणि ती माझ्यापाशी जायची.

"मोठाच क्लब घेऊ," एका शनिवारी गिरीश म्हणाला. "देशभर पार्क्स आहेत, पूल आहे, वायफाय आहे. मी तिथून लॉगिन करू शकतो."

"म्हणजे कॅम्पिंगलाही लॅपटॉप."

"यार, सुट्टी कुणाकडे आहे?"

"आणि त्यांचा रूल वाचलास का? दहा वर्षांपेक्षा जुना ट्रेलर आत घेत नाहीत. पार्कमध्ये बरं दिसत नाही म्हणे."

गिरीशने माझ्या भिंतीवर टकटक केलं. "मग हिला काढू. नवीन घेऊ."

तेवढ्या टकटकीत माझं सगळं आलं. मोठा क्लब घेतला तर मी जाणार. दुसरा एक लहानसा क्लब होता, जुन्या ट्रेलरवाल्यांचा. तो घेतला तर मी राहणार. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. तशी पद्धतही नाही.

गिरीशने माझे फोटो काढून ऑनलाइन टाकले. एक जोडपं मला बघायला आलं. माणसं चांगली होती. ओटा, खण, पलंग सगळं काढून माझ्यातून कॉफी विकायची त्यांची कल्पना होती. "भिंती छान आहेत," ती बाई म्हणाली. गिरीश म्हणाला, पुढच्या आठवड्यात कळवतो.

त्या संध्याकाळी पद्मिनीने संजयकाकांना फोन केला. काका म्हणाले, "अगं, विकायचं तर विका. पण आधी त्या छोट्या क्लबच्या एका रॅलीला जाऊन या. पाहुणे म्हणून येऊ देतात."

पद्मिनीने स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, "शनिवारी आपण रॅलीला जातोय."

वसुधाआजीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"रॅलीला? आणि मी?"

"तुम्ही पण, आई."

"अगं पण मी व्हिजिटर व्हिसावर आलेय! माझा फोटो निघाला तर? गिरीश, तुझं ते ग्रीन कार्ड लटकलंय ना? आणि तू मोर्चे काढणार?"

गिरीशच्या डोक्यात कामाचं काहीतरी चालू होतं. तो म्हणाला, "आई, काही होत नाही. सगळे म्हातारेच असतात."

"म्हातारेच पुढे करतात!" आजी म्हणाली. "आमच्याकडेही तसंच असतं."

मोर्चा नव्हे, हे तिला कुणीच सांगितलं नाही. इथे कॅरव्हॅनवाले तळ्याकाठी एकत्र जमतात, त्याला रॅली म्हणतात. पद्मिनीला वाटलं आजी चेष्टा करतेय. आजी चेष्टा करत नव्हती. ती कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून करड्या रंगाची साडी नेसली आणि पासपोर्ट पिशवीत घालून माझ्यात बसायला आली. चालत्या ट्रेलरमध्ये बसू देत नाहीत म्हटल्यावर गाडीत बसली.

तळ्याकाठी पोचल्याबरोबर मात्र ती माझ्यात शिरली आणि तिने बदकांचे पडदे ओढून घेतले. थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर नारिंगी जाकिटातली एक बाई, हातात कागद आणि पेन. संध्याकाळच्या जेवणाला कोण काय आणणार, ते ती लिहून घेत होती. "साइन करा," तिने हसून सांगितलं.

"नो साइन!" आजी दोन्ही हात वर करून म्हणाली. "आय ॲम व्हिजिटर! माय सन आल्सो नो रॅली! ओन्ली कम टू सी लेक!"

पद्मिनी पळत आली. काय झालं ते कळायला तिला वेळ लागला आणि त्या बाईला समजावून सांगायला त्याहून जास्त. ती बाई हसत हसत माझ्या पायरीवरच बसली. आजी आधी रुसली.

"म्हणजे घोषणा नाहीत?"

"नाहीत, आई."

"भाषण?"

"नाही हो. नुसतं बसायचं, जेवायचं, झोपायचं."

"मग रॅली कशाला म्हणता? याला मुक्काम म्हणतात!" आणि तिने पडदे उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी हळदीकुंकवाला निघाल्यासारखी एकेका ट्रेलरपुढे जाऊन आली. त्यातले काही माझ्या दुप्पट वयाचे होते, चकचकीत पुसलेले. तिकडे एका सभासदाने गिरीशला विचारलं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस शेवटचं कधी लावलं? गिरीशला माहीत नव्हतं. मग तो माणूस आणि गिरीश माझ्याखाली उताणे पडले. खूप वेळाने गिरीश बाहेर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. फोन वाजत होता आणि त्या हातांनी तो उचलता येत नव्हता.

"वाजू दे," तो म्हणाला.

पद्मिनीने त्याला हात पुसायला फडकं दिलं.

"हिचं काही बिघडलेलं नाही गं," तो म्हणाला. "कुणी बघितलंच नव्हतं."

मित्रांनो, मी एवढ्याचसाठी हे सांगतेय. जुनी वस्तू फार काही मागत नाही. तिच्याखाली कुणीतरी एकदा पडून बघावं, एवढंच. घरी आल्यावर गिरीशने कॉफीवाल्यांना 'विकायची नाही' असं कळवलं. इलाला पूल नसल्याचं थोडं वाईट वाटलं, पण तळं होतं. उन्हाळाभर आम्ही मुक्काम केले. आजी आता ओळखीपाळखीच्या लोकांना अकोल्याला फोन करून सांगायची, "या महिन्यात दोन रॅल्या झाल्या माझ्या."

पानं पिवळी झाली तेव्हा छोट्या क्लबच्या सभासदत्वाचा गोल स्टिकर आला. दुपारचं ऊन होतं. पद्मिनी माझ्या दाराशेजारी तो चिकटवत होती आणि इला त्याच्या मागचा सोललेला कागद धरून उभी होती. घराच्या उघड्या दारातून आजी दिसत होती. तिच्या व्हिसाचे महिने संपत आले होते आणि ती साड्यांच्या घड्या बॅगेत बसवत होती.

"मम्मा, now nobody can send her away?" इलाने माझ्यावर हात ठेवून विचारलं.

"नाही. कुणी नाही."

"Even if she's so old?"

"जुन्यांचाच क्लब आहे हा."

इलाने मान वळवून घराकडे पाहिलं.

"मग आजीला ठेवायला आपण कुठला क्लब जॉइन करायचा?"

स्टिकर केव्हाच चिकटला होता. पद्मिनी अंगठ्याने त्याची कड दाबत राहिली.