तातापानीचा भात

सरगुज्याकडच्या तातापानीच्या उकळत्या झऱ्यांवर वीज करता येईल, ही फाईल शालिग्राम बाबूने नव्या रायपुरातल्या आपल्या साहेबांपुढे तिसऱ्यांदा ठेवली. साहेबांना पुरावा हवा होता. मग या पठ्ठ्याने तांदळाची पुरचुंडी झऱ्यात सोडून भात शिजवला आणि डबा चारशे किलोमीटर मांडीवर धरून आणला.

"चूल नाही, कोळसा नाही. जमिनीनंच शिजवला ना जी!"

साहेबांनी घास घेतला. "काहून शालिग्राम, हा तर थंडगार हाय!"

शिपायाने भात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणला. साहेबांनी तो शीतही न ठेवता खाल्ला, ढेकर दिली आणि फाईलवर शेरा मारला: 'झऱ्याची उष्णता अपुरी. भात कार्यालयात पुन्हा गरम करावा लागला.'