हिरवळीचं स्थलांतर

‘प्रस्तावित सभागृहामुळे शहरातील एक चौरस मीटरही पाणथळ जमीन बाधित होत नाही; सदर जागेवरील विद्यमान हिरवळ तिच्या मूळ स्वरूपात इमारतीच्या गच्चीवर स्थलांतरित करण्यात येईल.’

शहररचना खात्याच्या अहवालातले हे वाक्य नकाशाघराच्या ग्रंथपालबाईंनी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष होते, आणि भयंकर होते ते तेवढ्यासाठीच. अर्धविरामाच्या अलीकडे पाणथळ नव्हती, पलीकडे मात्र हिरवळ होती. दोन एकरांची ओली जमीन एका विरामचिन्हात गडप करण्याचा हा पराक्रम जगातल्या कुठल्याही जादूगाराला जमला नसता. त्याला निदान रुमाल तरी लागला असता.

सोबत नकाशाची प्रत होती. तिच्यात नकाशाघरालगतच्या खोलगट जागेवर आडव्या तुटक रेघा होत्या आणि रेघांवर गवताचे तुरे. खात्याने त्यांवर पोपटी रंग फासून मधोमध ‘हिरवळ’ असे सुबक अक्षरांत लिहिले होते. जुन्या मोजणीदारांच्या भाषेत तुटक रेघा म्हणजे पाणी आणि तुरे म्हणजे लव्हाळी. दोन्ही मिळून पाणथळ. म्हणजे ज्या खात्याने नकाशावर शहर घडवायचे, त्याला नकाशाची बाराखडीही ठाऊक नव्हती.

बाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जाई आणि वाक्ये लांबत. घरातली माणसे तेवढ्यावरून ओळखत आणि आपापल्या खोल्यांत पांगत. आज पांगायला कोणी नव्हते. नकाशाघर तळघरात होते आणि तळघरात त्या एकट्या. भोवती लोखंडी खणांत नकाशांचे वीस हजार ताव आडवे निजलेले. लगतच्या तीन रस्त्यांचे पावसाळी पाणी त्या खोलगट जागेत उतरे, महिनोन्महिने लव्हाळ्यांत रेंगाळे आणि निवांत जमिनीत मुरे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्या एका कोपऱ्यात राडारोडा टाकला, तर तेवढ्यानेच पाणी वाट बदलून तळघरात आले आणि सर्वांत खालच्या खणातले चाळीस ताव लगदा होऊन गेले. आता सगळीच जागा भरून काढायची होती. दुपारी तीनला सुनावणी. ती सुरळीत पार पडली, तर उद्या सकाळी मातीचे ट्रक.

अहवालाखाली सही होती त्यांच्या धाकट्या दिराची. बाईंनी फोन लावला.

“भावोजी, तुमचा अहवाल वाचला.”

“अरे वा! आमच्या खात्यात अजून कोणी वाचला नाहीये, वहिनी.”

“त्याची खात्री पटली. मला सांगा, तुमच्या मते हिरवळ म्हणजे काय?”

“झालं सुरू! हिरवळ म्हणजे गवत. माणसं त्यावर बसतात, शेंगा खातात.”

“तुम्ही तिथं कधी बसून पाहिलंत?”

“आम्ही शहर बसवतो हो. स्वतः बसायला वेळ कुठाय? पण पाहिलंय मी, उन्हाळ्यात, कुंपणापलीकडून. हिरवंगार आहे.”

“कुंपणाच्या अलीकडे या. बसलात तर उठताना विजार तिथंच राहील. ती पाणथळ आहे.”

“तुमचा त्या बेडकांवर फार जीव, ठाऊक आहे मला. आणा त्यांनाही सुनावणीला. फक्त ओळखपत्र लागेल म्हणावं!”

आपल्याच विनोदावर ते मनमुराद हसले आणि फोन ठेवला. बाईंनी एक मोठा ताव खणातून काढला, गुंडाळला आणि काखोटीला मारला.

सुनावणीच्या दालनात अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी शब्द न् शब्द टिपून घेणारी लघुलेखिका, समोर दीर आणि पंख्याखाली फडफडणारे कागद, एवढेच होते. अध्यक्षबाईंनी विचारले, “तुमची हरकत आहे की समर्थन?”

“समर्थन,” बाई अगदी खालच्या सुरात म्हणाल्या. “अहवाल मला शब्दशः मान्य आहे. फक्त थोडा तपशील हवा.”

दिरांनी खूश होऊन पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. तो खालचा सूर त्यांनी ओळखायला हवा होता. पण साहेबांच्या खुर्चीत बसले की घरचे कान घरीच राहत असावेत.

“अहवालात ‘मूळ स्वरूपात’ असं म्हटलंय. त्या जागेच्या मूळ स्वरूपात ऐन पावसाळ्यात कमरेइतकं पाणी असतं. दोन एकरांत ते आठ हजार टनांच्या आसपास भरतं. गच्ची तेवढं पेलेल ना, भावो... साहेब?”

“पाणी? हिरवळीवर एवढं पाणी कशाला? आम्ही ठिबकनं देणार आहोत.”

“ठीक. लव्हाळ्यांची मुळं दोन हात चिखलात असतात. तो चिखल लिफ्टनं नेणार की जिन्यानं?”

लघुलेखिकेला हसू फुटले. “हसण्याची नोंद नको,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज पुरता कोरडा नव्हता.

“बेडकांचं काय ठरलंय? गच्ची चौथ्या मजल्यावर आहे. ते आपले आपण चढतील असं खात्यानं गृहीत धरलंय, की प्रत्येकी एक शिपाई?”

“महोदया, वहिनी थट्टा करताहेत माझी!”

“इथं वहिनी कोण?”

“त्या. माझ्या सख्ख्या भावाच्या...”

“मग रुसवेफुगवे घरी काढा. इथं उत्तर द्या.”

दीर अहवालाची पाने चाळू लागले. तेव्हा बाईंनी टेबलावर मूळ ताव उलगडला, चारी कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि तळाची सूची दाखवली. अध्यक्षबाईंनी बोट फिरवत मोठ्याने वाचले, “तुटक रेघा व तुरे: पाणथळ, बारमाही.” मग त्यांनी खात्याची प्रत शेजारी धरली. “ही पट्टी तुमच्याकडे का नाही?”

“ताव मोठा होता,” दीर म्हणाले. “स्कॅनरमध्ये मावेना. खालचा भाग कापला. त्यात काही चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती.”

‘नुसती अक्षरं’ हे दोन शब्द बाईंनी मुकाट गिळले. त्यांना इतके जड काही कित्येक वर्षांत पचवावे लागले नव्हते.

“या शहराची पहिली रचना पाण्यानं केली,” त्या म्हणाल्या. “कुठं थांबायचं, कुठं मुरायचं, सगळं त्यानं आधीच ठरवलंय. सभागृह बांधू नका असं मी म्हणतच नाही. रस्त्यापलीकडे उंचवटा आहे, तिथं बांधा. आधी पाण्याची सोय करा, मग खुर्च्यांची. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी माझ्या तळघरात येईल, आणि तुमच्या खात्याला कापायलासुद्धा नकाशा उरणार नाही.”

अध्यक्षबाईंनी परवानगी रोखली, भरावाचे ट्रक थांबवायला सांगितले आणि उंचवट्याची मोजणी करून नवा अहवाल मागवला. कागद आवरताना त्यांनी दिरांना, नोंदीसाठी म्हणून, शेवटचा प्रश्न विचारला: खूण कळली नव्हती, तर कोणाला विचारले का नाही? दिरांनी एकदा वहिनींकडे पाहिले, एकदा छताकडे. त्यांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः आहे:

“नकाशा आणायला मी स्वतः तळघरात गेलो होतो. ते तुरे कशाचे, हे तिथंच विचारता आलं असतं. पण वहिनींना एक प्रश्न विचारला की त्या पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात करतात, आणि मला साडेपाचला घरी जायचं होतं. म्हणून मी गवत समजलो.”